हसण्याचा उंबरठा

१७९९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात हंफ्री डेव्ही नावाचा विशीतला रसायनशास्त्रज्ञ रेशमी पिशवीत भरलेला एक वायू स्वतःच्या छातीत ओढून पाहत होता. वायू होता नायट्रस ऑक्साइड. वायूंनी रोग बरे होतात का, हे तपासण्यासाठी डॉ. थॉमस बेडोज यांनी तिथे संस्था काढली होती आणि डेव्ही तिच्या प्रयोगशाळेचं काम पाहत होता. वायू हुंगला की त्याला हसू फुटे, अंग हलकं वाटे, नाचावंसं वाटे. मग त्याने मित्रांनाही तो दिला. त्यांत रॉबर्ट साउदी आणि सॅम्युअल टेलर कोलरिज हे कवीही होते. प्रत्येकाला काय वाटलं ते त्याने लिहून घेतलं आणि १८०० साली पुस्तकात छापलं. पुढे लोकांनी या वायूला ‘लाफिंग गॅस’ म्हणायला सुरुवात केली.

त्या नोंदी एकमेकींशी जुळत मात्र नाहीत. कुणी खोलीभर उड्या मारल्या, कुणाला हसू आवरेना, तर कुणाला नुसती चक्कर आली आणि अस्वस्थ वाटलं. वायू तोच, पिशवी तीच, खोलीही तीच, पण माणसं वेगळी होती.

हा फरक नेमका कशाचा, याचा शोध जवळपास दोनशे वर्षांनी विलिबाल्ड रूख या मानसशास्त्रज्ञाने घेतला. रूख ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात शिकले, नंतर जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या झुरिक विद्यापीठात त्यांनी काम केलं. १९९० च्या दशकात एका सहकाऱ्याच्या साथीने त्यांनी नायट्रस ऑक्साइडचा प्रयोग पुन्हा केला, पण वायू देण्याआधी प्रत्येकाचा स्वभाव मोजला. मुळात ज्यांची वृत्ती प्रसन्न होती त्यांची मजा वायूने अधिक वाढली. ज्यांची तशी नव्हती, त्यांच्यावर तोच वायू फिका पडला. हसू वायूत भरलेलं नव्हतं. ते माणसात दडलेलं होतं आणि वायू त्याला फक्त बाहेर बोलावत होता.

स्वभाव मोजायचा कसा, हा प्रश्न त्याआधी अनेक वर्षं अडून राहिला होता. विनोदबुद्धीबद्दल थेट विचारून हाती काही लागत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी नोंदवलं आहे की स्वतःची विनोदबुद्धी कशी आहे असं विचारल्यावर ९४ टक्के लोकांनी ती सरासरीइतकी किंवा तिच्याहून सरस असल्याचं सांगितलं. आपला आवाज बेसूर आहे किंवा आपलं गणित कच्चं आहे, हे माणूस मोकळेपणी कबूल करतो. आपल्याला विनोद कळत नाही, हे कबूल करायला सहसा कुणी धजत नाही.

दुसरा मार्ग होता लोकांना विनोद वाचायला देऊन गुण द्यायला सांगण्याचा. रूख यांनी स्वतःही आधी अशी चाचणी तयार केली होती. विनोदाची गाठ शेवटी नीट सुटते की ती अर्धवट, विचित्रच राहते, की विनोद लैंगिक आहे, अशा तीन गटांत ती चुटके आणि व्यंगचित्रं मांडते. या चाचणीतून माणसाची आवड चांगली कळते. पण आवड म्हणजे वृत्ती नव्हे. एखाद्याला ठरावीक धाटणीचे विनोद आवडतात यावरून तो सोमवारी सकाळी कार्यालयात कसा वागतो, घरी भांडण झाल्यावर किती वेळात सावरतो, यातलं काहीच समजत नाही.

१९७० च्या दशकापर्यंत मानसशास्त्राने हसण्याकडे फारसं लक्षच दिलं नव्हतं. १९७६ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहरात विनोद आणि हास्य या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मग प्रश्नावल्यांचं जणू पेवच फुटलं. कॅनडात हर्बर्ट लेफकोर्ट आणि रॉड मार्टिन यांनी १९८० च्या दशकात दोन प्रश्नावल्या बनवल्या. एक विचारत होती की अडचणीच्या प्रसंगी तुम्ही विनोदाचा आधार घेता का, आणि दुसरी की कोणत्या प्रसंगात तुम्हाला हसू येतं. इतरांनीही आपापल्या पट्ट्या काढल्या. प्रत्येकीचं नाव वेगळं आणि दावाही वेगळा होता.

गाब्रिएले क्योलर आणि रूख यांनी १९९६ मध्ये या पट्ट्या एकत्र तपासल्या आणि एक विलक्षण गोष्ट समोर आली. नावं कितीही असली तरी त्यांतल्या बहुतेक पट्ट्या शेवटी दोनच गोष्टी मोजत होत्या. पहिली, माणूस किती प्रसन्न आहे. दुसरी, तो किती गंभीर आहे. विनोदबुद्धी म्हणून जे मोजलं जात होतं त्याच्या तळाशी विनोद नव्हताच, तिथे स्वभाव होता.

त्याच वर्षी क्योलर, रूख आणि क्रिस्टोफ फान थ्रील यांनी या तळाचीच मोजणी करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून संशोधक तिला एसटीसीआय म्हणतात. मूळ भाषा जर्मन. ती तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते: प्रसन्नता, गांभीर्य आणि बिघडलेला मूड. मोठ्या आवृत्तीत १०६ विधानं आहेत, नेहमीच्या वापरातल्या आवृत्तीत ६०, म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी वीस. ‘मला हसू यायला फारसं निमित्त लागत नाही’ किंवा ‘कुठलंही काम हाती घेण्याआधी मी त्याचा पूर्ण विचार करतो’ अशा धर्तीचं एकेक विधान वाचायचं आणि चारपैकी एक उत्तर निवडायचं: अजिबात पटत नाही, फारसं पटत नाही, बऱ्यापैकी पटतं, पूर्ण पटतं. मधलं ‘सांगता येत नाही’ हे सोयीचं घर मुद्दाम ठेवलेलं नाही.

यातली कळीची गोष्ट ‘तीन’ ही आहे. आपल्या बोलण्यात हसरा आणि गंभीर ही एकाच काठीची दोन टोकं असतात. जो एका टोकाला, तो दुसऱ्यापासून लांब. या प्रश्नावलीने ती काठी मोडली. प्रसन्नता आणि गांभीर्य या दोन स्वतंत्र पट्ट्या आहेत, आणि एकीवरचे गुण वाढले म्हणून दुसरीवरचे आपोआप घटत नाहीत. प्रसन्न आणि गंभीर असा माणूस असू शकतो. सकाळी उठल्यापासून मन हलकं, माणसांत मिसळायला आवडणारा, पण शब्द तोलूनमापून वापरणारा आणि पुढच्या पाच वर्षांचा विचार करून पाऊल टाकणारा. तसाच प्रसन्नही नाही आणि गंभीरही नाही, असा माणूसही असतो.

प्रसन्नतेचे या मांडणीत पाच पैलू आहेत. माणूस बहुतेक वेळ आनंदी मनःस्थितीत असतो का, हा पहिला. हसण्याचा उंबरठा किती खाली आहे, हा दुसरा. प्रतिकूल परिस्थितीकडे तो शांतपणे पाहतो का, कितीतरी वेगवेगळ्या गोष्टींनी त्याला हसू येतं का, आणि इतरांशी त्याचं वागणं हसतमुख असतं का, हे उरलेले तीन. उंबरठ्याची कल्पना सगळ्यांत महत्त्वाची. वाळलेलं लाकूड एका ठिणगीने पेट घेतं आणि ओल्या लाकडाचा त्याच ठिणगीने नुसता धूर होतो. विनोद ही ठिणगी आहे. म्हणूनच त्याच चुटक्यावर एकाच घरातली एक व्यक्ती खळखळून हसते आणि दुसरी मान डोलावून गप्प बसते. दुसऱ्या व्यक्तीला विनोद कळला नाही, असं म्हणणं चूक ठरेल. कळण्याचा आणि हसू फुटण्याचा मार्ग एक नाही.

या कामाचा सर्वांत मोलाचा भाग गांभीर्याविषयीचा आहे. मानसशास्त्रात तोवर गांभीर्याला स्वतःची अशी जागाच नव्हती. हसू नसलं की उरतं ते गांभीर्य, एवढीच समजूत होती. रूख आणि सहकाऱ्यांनी त्याचे सहा पैलू मांडले. गंभीर मनःस्थितीत अधिक काळ असणं. रोजच्या साध्या घटनाही महत्त्वाच्या मानून त्यांचा नीट विचार करणं. पुढचं नियोजन करणं, दूरची उद्दिष्टं ठेवणं. ज्यांचं ठोस, तर्कसंगत कारण देता येतं अशाच गोष्टींत वेळ घालवणं. अतिशयोक्ती किंवा उपरोध न वापरता जे म्हणायचं तेच नेमकं बोलणं. आणि सहावा पैलू, थट्टामस्करी आणि गंमत यांच्याविषयीच नापसंती असणं.

ही यादी वाचताना जाणवतं की पहिल्या पाचांत दोष असा काहीच नाही. चांगला हिशेबनीस, चांगला सर्जन, पुलाचं आरेखन करणारा चांगला अभियंता यांच्यात हे गुण हवेतच. अडचण असते ती फक्त सहाव्यापाशी, जिथे माणूस स्वतः गंमत करत नाही इतकंच नव्हे, तर इतरांनी केलेली गंमतही त्याला वेळेचा अपव्यय वाटते. आपण मात्र पहिल्या पाचांना आणि सहाव्याला एकाच शब्दात कोंबतो. वर्गातल्या विचारी मुलाला ‘हा जरा हसत नाही’ म्हणून टोचतो, मित्रमंडळींत कमी बोलणाऱ्याला ‘तुला काही गंमत कळत नाही’ असं बजावतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो मोजमापाच्या भाषेतही दाखवता येतो.

व्यक्तिमत्त्वाच्या जुन्या चौकटींशीही या पट्ट्या पडताळून पाहिल्या गेल्या. प्रसन्नतेचं नातं बहिर्मुखतेशी जुळतं, बिघडलेल्या मूडचं भावनिक अस्थिरतेशी. गांभीर्याचं नातं या दोन्हींपेक्षा निराळ्या बाजूला, नियम आणि जबाबदारी मानण्याकडे झुकतं. तीन पट्ट्या खरोखरच वेगळ्या आहेत याचा हा आणखी एक पुरावा.

तिसऱ्या पट्टीचे, म्हणजे बिघडलेल्या मूडचे, दोन मुख्य रंग आहेत. एक उदासीचा, दुसरा वैतागाचा. दोघेही मैफलीत हसत नाहीत, पण कारणं वेगळी असतात. उदास माणसाला हसावंसं वाटलं तरी जमत नाही. वैतागलेल्याला जमेलही, पण त्याला हसायचंच नसतं. समोरचे हसले की तो आणखी चिडतो. घरात कुणी रुसून बसलं की मराठी माणसाला हा फरक न सांगता समजतो. तरीही दोघांवर आपला उपाय एकच, म्हणजे ‘चल, जरा हस बघू’.

विनोद मात्र या तिसऱ्या पट्टीतूनही उगवतो. मराठी वाचकाला त्यासाठी दूर जावं लागत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला रत्नागिरीचा अंतू बर्वा आठवावा. प्रसन्न असं त्याला कुणी म्हणणार नाही. दारिद्र्य, एकटेपण आणि मनातली सल यांनी त्याची जीभ तिरकस केली आहे, आणि तरी त्याच्या प्रत्येक वाक्याला वाचक हसतो. एसटीसीआयसारख्या मोजपट्टीत अंतूशेठना प्रसन्नतेत फारसे गुण मिळाले नसते. इथे या संशोधनाची मर्यादाही दिसते: ते हसण्याची जमीन मोजतं, तिच्यात काय पिकेल ते सांगण्याची हमी देत नाही.

प्रश्नावलीला आणखी एक बाजू आहे. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९७० मध्ये चिंतेची जी प्रसिद्ध प्रश्नावली काढली तिच्यात एक भेद रुजवला होता. एक चिंता स्वभावात असते, दुसरी या घडीला मनात असते. एसटीसीआयने तोच भेद हसण्याला लावला. ‘एरवी तुम्ही कसे असता’ असं विचारणारी एक आवृत्ती आणि ‘आत्ता या क्षणी कसं वाटतंय’ असं विचारणारी, ३० विधानांची दुसरी. चांगल्या मोजपट्टीकडून इथे दोन उलट अपेक्षा असतात. स्वभावाचे गुण महिन्याभराने पुन्हा मोजले तर जवळपास तेच यायला हवेत. क्षणाचे गुण मात्र बदलायला हवेत, कारण न बदलणारी ‘आत्ताची’ मनःस्थिती ही मनःस्थितीच नव्हे. एसटीसीआय या दोन्ही कसोट्यांवर उतरते.

हा भेद मुंबईत सुरू झालेल्या एका चळवळीकडे पाहायलाही उपयोगी पडतो. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब भरवला. सुरुवातीला सगळे वर्तुळात उभे राहून चुटके सांगत. काही दिवसांत चांगले चुटके संपले आणि बोचरे, अश्लील चुटके येऊ लागल्यावर काही सभासद नाराज झाले. मग डॉ. कटारियांनी विनोदच काढून टाकला आणि हसणं हाच व्यायाम केला. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी बागांमध्ये सकाळी हात वर करून ‘हा हा, हो हो’ करणारी ज्येष्ठ मंडळी दिसतात. चुटक्याशिवायही हसता येतं, हे त्या क्लबांनी जगाला दाखवलं. पण बागेतून बाहेर पडताना मनात असते ती क्षणाची प्रसन्नता, आणि स्वभावाची प्रसन्नता ही निराळी गोष्ट आहे. अर्ध्या तासाने पहिली वाढते. दुसरीला तेवढा अर्धा तास पुरेल असं मानायला आधार नाही.

कागदावरच्या उत्तरांवर किती विश्वास ठेवायचा? रूख यांनी त्यासाठी चेहऱ्याकडे मोर्चा वळवला. १८६२ मध्ये फ्रेंच वैद्य ग्यिओम द्युशेन यांनी विजेच्या हलक्या धक्क्यांनी चेहऱ्याचे स्नायू एकेक करून हलवले होते. त्यांना आढळलं की ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू आपल्या इच्छेने हलतो, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो आणि तो सहजी मुद्दाम हलवता येत नाही. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक देणारी पद्धत तयार केली. तिच्यात ओठांची ही हालचाल बारा क्रमांकाची, गाल उचलणारी आणि डोळे बारीक करणारी सहा क्रमांकाची. दोन्ही एकत्र आल्या की खरं हसू.

हसण्याच्या पायऱ्या चेहऱ्यावरून वाचण्याची ही दृष्टी भारतीय परंपरेला अनोळखी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, तेही डोळे, गाल, दात यांच्या खुणांनी. स्मितात गाल जरासे फुलतात, दात दिसत नाहीत. नटाला शिकवण्यासाठी केलेलं ते निरीक्षण होतं, प्रयोगशाळेत मोजण्यासाठी नव्हे. पण गाल आणि डोळे हेच पाहावेत, हे दोन्हीकडे सारखं आहे.

रूख यांच्या एका प्रयोगात सहभागी माणूस एक साधा अभ्यास समजून येतो आणि प्रयोग घेणारी व्यक्ती अचानक विदूषकी चाळे करू लागते. चित्रफितीवर त्याच्या चेहऱ्याच्या हालचाली टिपल्या जातात. ज्यांनी आधी कागदावर प्रसन्नतेचे गुण जास्त मिळवले होते, त्यांच्या चेहऱ्यावर डोळ्यांपर्यंत पोचणारं हसू अधिक वेळा आणि अधिक ठळक उमटलं. कागद आणि गाल यांचं एकमत झालं.

याहून रोचक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. करेन त्स्वायर, बार्बरा फेल्कर आणि रूख यांनी ५६ स्त्रियांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली. पद्धत जुनी आणि साधी: हात बर्फासारख्या गार पाण्यात घालायचा आणि असह्य झालं की बाहेर काढायचा. मोजणी तीनदा झाली: विनोदी चित्रपट पाहण्याआधी, लगेच नंतर आणि वीस मिनिटांनी. चित्रपट पाहताना एका गटाने हसू चेहऱ्यावर न आणता मनात प्रसन्न व्हायचं होतं, दुसऱ्याने मनसोक्त हसायचं होतं, तिसऱ्याने चित्रपटावर स्वतःच गमतीदार टिप्पणी करायची होती. चित्रपटानंतर सोसण्याची क्षमता वाढली आणि वीस मिनिटांनीही ती वाढलेलीच होती. त्यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. कमी प्रसन्न स्वभावाच्या स्त्रियांना स्वतः विनोद रचण्याचा फायदा झाला, तर प्रसन्न स्वभावाच्या स्त्रियांना तसाच फायदा नुसतं हसण्याने झाला. आणि ज्यांच्या स्वभावात गांभीर्य कमी, त्यांची क्षमता एकूणच जास्त निघाली. म्हणजे ‘हसा, दुखणं कमी होईल’ हा सरसकट सल्ला अपुरा आहे. कुणाला हसवायला हवं आणि कुणाला विनोद करू द्यायला हवा, हे माणसागणिक बदलतं. रुग्णालयात, वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

विनोद रचण्याच्या कौशल्याचीही चाचणी झाली. व्यंगचित्रांखालच्या ओळी काढून टाकायच्या आणि सहभागींनी ठरलेल्या वेळात जमतील तितक्या नव्या ओळी लिहायच्या. मग परीक्षक त्यांची चमक तपासतात. अपेक्षा अशी की आनंदी माणूस सरस ठरेल. प्रत्यक्षात चांगल्या ओळींशी अधिक जवळचं नातं निघालं ते कमी गांभीर्याचं. प्रसन्नता हसायला लावते. विनोद सुचायला मात्र शब्दाचा सरळ अर्थ क्षणभर बाजूला ठेवण्याची, निरर्थकात रमण्याची मोकळीक लागते. नेमकं तेच बोलण्याची सवय ज्याच्या हाडीमाशी भिनली आहे, त्याला ही मोकळीक घेणं जड जातं.

पुढच्या काळात प्रश्नावली स्पॅनिश, चिनी अशा भाषांत गेली. इंग्रजी आवृत्तीची सविस्तर पडताळणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषा बदलली की विधानं नुसती भाषांतरित करून चालत नाही. मराठीत असं काम करायचं तर सासरी-माहेरी वेगळं हसणारी सून, वडीलधाऱ्यांसमोर हसू दाबणारं मूल यांचा विचार आधी करावा लागेल, कारण आपल्याकडे हसण्याचा उंबरठा समोर कोण बसलं आहे त्यावरही ठरतो.

स्वभावाचा हा पाया हलवता येतो का, याचंही उत्तर शोधलं गेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मॅकगी यांनी विनोदाच्या सात सवयींचा कार्यक्रम तयार केला. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा हा क्रम आहे. आधी आपल्याला कशाचं हसू येतं ते ओळखून त्याच्या सहवासात राहायचं, मग खेळकरपणा जोपासायचा, मोकळेपणी हसायचं, शब्दांशी खेळून पाहायचं, रोजच्या जगण्यातली गंमत टिपायची, स्वतःवर हसायला शिकायचं आणि सर्वांत शेवटी तणावाच्या घडीला विनोद शोधायचा. २०१८ मध्ये रूख आणि सहकाऱ्यांनी या प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर मोजणी केली. प्रसन्नतेचे गुण वर गेले, गांभीर्याचे खाली आले आणि जगण्याबद्दलचं समाधानही वाढलं. शेवटच्या दोन सवयी मॅकगी मुद्दाम शेवटी ठेवतात. स्वतःवर हसणं आणि संकटात हसणं यांची तालीम संकट येण्याआधी, बऱ्या दिवसांतच करून ठेवावी लागते, असं त्यांचं म्हणणं आहे.